उंदराचा मेंदू आणि आपली आई

(वर्षावासानिमित्त संस्थेच्या वाचनालयात रविवारी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आणि गेली वीस-बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. सकाळी कल्याणहून ठाण्याची गाडी धरायची, दिवसभर काउंटरवर बसायचे आणि संध्याकाळी त्याच गर्दीतून परत यायचे, हा माझा नित्यक्रम. अशा माणसाने मेंदूच्या आजारावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु माझ्या आईला अल्झायमर झाला आहे. घरात आजार आला म्हणून मला वाचावे लागले, डॉक्टरांना विचारावे लागले, आणि न समजलेले पुन्हा वाचावे लागले.

मागच्या महिन्यात याच वाचनालयात अभ्यासाला बसणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "काका, उंदरांचा अल्झायमर बरा झाला असं पेपरात येतं. मग ते औषध आजीला का देत नाहीत?" प्रश्न साधा होता, पण मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या मुलीला दिलेले उत्तर आहे असे समजावे.

आईचा हिशेब

माझी आई कधी शाळेत गेली नाही. कल्याण पूर्वेला कोळसेवाडीच्या बाजारात तिने तीस वर्षे भाजी विकली आणि त्या भाजीवर आम्हा तीन भावंडांना शिकवले. तिला अक्षर येत नव्हते, पण हिशेब तोंडपाठ असे. गिऱ्हाइकाने पाच भाज्या घेतल्या तरी पिशवी हातात देईपर्यंत तिची बेरीज झालेली असायची. मी बँकेत लागलो तेव्हा ती शेजारणींना सांगायची, "माझ्या पोराला मशीन लागतं, मला लागत नाही."

सहा-सात वर्षांपूर्वी तिच्या हिशेबात चुका होऊ लागल्या. कोणाला जास्त पैसे परत जायचे, कोणाकडून दोनदा मागितले जायचे. मग तेच तेच प्रश्न. एकदा ती डोंबिवलीला माझ्या बहिणीकडे निघाली आणि ठाकुर्लीलाच उतरून दोन तास बाकावर बसून राहिली. आपण कुठे निघालो होतो हेच तिला आठवेना. एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी "वय झालं, चालायचंच" म्हणून ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारचे एक गृहस्थ मात्र म्हणाले, "ठाण्याला दाखवून बघा."

आपल्या भागात "ठाण्याला" या शब्दाचा अर्थ काय होतो, हे मी सांगायला नको. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले आणि तेव्हापासून गावाचे नाव वेडाशी जोडले गेले. माझ्या आईला वेडी म्हटल्याचे मला फार लागले. आज वाटते, त्या गृहस्थांपेक्षा माझीच समजूत जास्त चुकीची होती. मनाचा आजार ही शरम आहे, असे मीही मानत होतो.

फ्रँकफर्टची एक बाई

योगायोग असा की, त्याच १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ऑगस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्याने मनोरुग्णालयात आणले. तिला काही आठवत नव्हते, ती नवऱ्यावर संशय घेई, घरात वस्तू लपवून ठेवी. तिथे आलोईस अल्झायमर नावाचे डॉक्टर होते. ते तिला रोज प्रश्न विचारत आणि उत्तरे टिपून ठेवत. १९०६ साली ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील सभेत निष्कर्ष मांडले. मेंदूच्या पेशींच्या बाहेर त्यांना बारीक गोळे साचलेले दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. भोवतालच्या ग्लिया नावाच्या पेशींमध्ये झालेला बदलही त्यांनी नोंदवून ठेवला होता.

त्या बाहेरच्या गोळ्यांना आज प्लाक म्हणतात. दातांवर साचतो त्यालाही प्लाकच म्हणतात, पण हा निराळा. मेंदूतला प्लाक अ‍ॅमिलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाच्या लहान तुकड्यांचा असतो. हे तुकडे आपणा सर्वांच्या मेंदूत तयार होतात आणि निचराही होतो. निचरा कमी पडला किंवा तुकडे जास्त झाले की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे ढेकूळ बनते. आतल्या गुंत्यांचे प्रथिन वेगळे, त्याचे नाव टाऊ. प्लाक साचायला सुरुवात होते ती विसरभोळेपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी. म्हणजे माझी आई बाजारात बिनचूक हिशेब करत होती, तेव्हाही आत हे सुरू झालेले असणार.

उंदीर कशासाठी?

जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहता येत नाही, आणि वीस वर्षे थांबायलाही कोणाला सवड नसते. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-अडीच वर्षे जगतो. परंतु उंदराला हा आजार होतच नाही. त्याचे अ‍ॅमिलॉइड माणसाच्या अ‍ॅमिलॉइडपेक्षा तीन ठिकाणी वेगळे असते आणि म्हातारपणीही त्याचे प्लाक बनत नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी काय केले, तर काही मोजक्या घराण्यांत कमी वयात अल्झायमर होतो, त्यांच्यात आढळलेले सदोष मानवी जनुक उंदरात घातले. १९९५ साली असा उंदीर तयार झाल्याचे प्रसिद्ध झाले आणि त्याच्या मेंदूत माणसासारखे प्लाक दिसले. १९९६ साली स्वीडनमधल्या एका कुटुंबात आढळलेले जनुक वापरून दुसरा उंदीर तयार झाला. त्याला प्लाकही झाले आणि स्मरणशक्तीही कमी झाली. २००६ साली पाच दोष एकत्र केलेला उंदीर आला. त्याच्या मेंदूत दुसऱ्या महिन्यापासूनच प्लाक दिसू लागतात.

उंदराला आठवते की नाही हे कसे कळते? त्याला गढूळ पाण्याच्या हौदात सोडतात. पाण्याखाली कुठेतरी एक लपलेला चौथरा असतो. निरोगी उंदीर चार-सहा दिवसांत चौथऱ्याची जागा ध्यानात ठेवून सरळ तिकडे पोहतो. आजारी उंदीर गोल गोल फिरत राहतो. हे वाचले तेव्हा मला ठाकुर्लीच्या बाकावर बसलेली आई आठवली.

मेंदूचे सफाई कामगार

आता ग्लियाकडे वळू. ग्लिया या शब्दाचा मूळ अर्थ सरस किंवा डिंक. पूर्वी समजूत होती की, या पेशी चेतापेशींना नुसत्या चिकटवून धरतात. पुढे कळले की त्या फार काम करतात. त्यातल्या ताऱ्याच्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी चेतापेशींचे पोषण पाहतात. दुसऱ्या मायक्रोग्लिया. त्यांचे नाव १९१९ साली स्पेनच्या रिओ ओर्तेगा या शास्त्रज्ञाने ठेवले. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूचे सफाई कामगार आणि पहारेकरीही. मेलेली पेशी, जंतू, साचलेला केर उचलणे हे त्यांचे काम.

कल्याणकरांना आधारवाडीचे डम्पिंग ग्राउंड आठवत असेल. २०२१ साली तिथे कचरा टाकणे बंद झाले, पण त्याआधी कितीदा तरी तो डोंगर पेटायचा आणि धूर घराघरांत शिरायचा. पहिल्यांदा त्रास कचऱ्याचा होता, पुढे पुढे धुराचा जास्त झाला. मेंदूतही काहीसे असेच घडते. प्लाक साचला की मायक्रोग्लिया त्याच्याभोवती गोळा होतात आणि तो खायला लागतात. केर संपत नाही, तेव्हा त्या वर्षानुवर्षे चेतलेल्या अवस्थेत राहतात आणि त्यांच्यातून दाहक रसायने बाहेर पडत राहतात. यालाच मेंदूतला दाह म्हणतात. तो धूर भोवतालच्या चांगल्या चेतापेशींनाही बाधतो.

मग या पेशी मित्र की शत्रू? उंदरांनी दोन्ही बाजूंनी साक्ष दिली आहे. ट्रेम-टू नावाचे एक जनुक मायक्रोग्लियात काम करते. त्यात विशिष्ट दोष असलेल्या माणसांना अल्झायमरचा धोका बराच जास्त असतो, हे २०१२-१३ च्या सुमारास समजले. नंतर हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत दिसले की, मायक्रोग्लिया प्लाकभोवती नीट जमतच नाहीत, प्लाक सैल पसरतो आणि शेजारच्या चेतातंतूंची जास्त हानी होते. म्हणजे सफाई कामगार हवेत. उलट २०१३ साली दाह पेटवणारा एक घटक काढून टाकलेल्या उंदरांत स्मरणशक्ती शाबूत राहिली आणि प्लाकही कमी झाले. २०१६ साली असेही आढळले की, प्लाक तयार होण्याआधीच मायक्रोग्लिया चेतापेशींमधले जोड खाऊ लागतात. २०१७ साली दिसले की, चेतलेल्या मायक्रोग्लियांच्या सांगण्यावरून काही अ‍ॅस्ट्रोसाइटही पोषण सोडून चेतापेशींना मारू लागतात.

म्हणून या पेशींना सरसकट दोष देता येत नाही. सफाई कामगाराला दोष देऊन कचरा जात नाही, हे आपल्या समाजाला तरी सांगायला नको. प्रश्न केर वेळेवर उचलण्याचा आहे आणि आग वेळेवर विझवण्याचा आहे. ती वेळ नेमकी कोणती, हेच शास्त्रज्ञ शोधत आहेत.

मी केलेली चूक

आता मी माझ्या चुकीबद्दल बोलतो. ते सांगणे जड जाते, पण त्याचसाठी मी आज उभा आहे.

आईचे निदान झाल्यावर एका ओळखीच्या माणसाने एका चूर्णाची माहिती दिली. हळद, अश्वगंधा आणि आणखी काही. डब्यासोबत पत्रक होते. त्यावर छापले होते, "मेंदूतील प्लाक नष्ट करते, प्रयोगांती सिद्ध." विकणारा म्हणाला की, इंग्रजी औषधे सोबत चालणार नाहीत. मी आईची रक्तदाबाची गोळी बंद केली. मी पदवीधर माणूस, रोज लोकांना "सही करण्यापूर्वी वाचा" म्हणून सांगणारा. पाचव्या महिन्यात एका पहाटे आईचे तोंड वाकडे झाले आणि उजवा हात लुळा पडला. रक्तदाब वाढून अर्धांगाचा झटका आला होता. हात बराचसा सुधारला, पण आधी ती स्वतःच्या हाताने जेवत होती, ते गेले.

माझी मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला होती. तिने ते प्रयोग शोधून काढले. प्रयोग खरे होते. हळदीतला कर्क्युमिन हा घटक अल्झायमरच्या उंदरांना दिल्यावर दाह आणि प्लाक कमी झाल्याचे २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले होते. अश्वगंधेच्या मुळाचा अर्क उंदरांना महिनाभर दिल्यावर त्यांची स्मृती सुधारली आणि प्लाक घटले, हे २०१२ साली आपल्याच देशात, हरियाणातल्या मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते. ते संशोधन चांगले आहे, त्याचा अभिमानच वाटावा. पत्रकात फक्त एक शब्द गाळला होता, तो म्हणजे "उंदीर". कर्क्युमिन अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा गुण दिसला नाही. अश्वगंधेने माणसाचा अल्झायमर बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

असे पुष्कळदा झाले आहे. १९९९ साली एका लशीने उंदरांचे प्लाक थांबवले. तीच लस सुमारे ३०० रुग्णांना दिली, तेव्हा १८ जणांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ साली तो प्रयोग बंद करावा लागला. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीने उंदरांतला दाह कमी झाला, पण त्याच जातीच्या गोळ्या माणसांना देऊन अल्झायमर टळला नाही. उंदरांवरचा २००६ सालचा एक गाजलेला शोधनिबंध तर चित्रांत फेरफार आढळल्यामुळे २०२४ साली मागे घेतला गेला. म्हणून विज्ञान खोटे ठरत नाही. रोकड जुळली नाही की आम्ही बँकेत सगळी व्हाउचरे पुन्हा तपासतो, तशीच ती तपासणी आहे.

उंदीर आणि माणूस यांत फरक का पडतो? उंदरात घातलेले जनुकदोष अगदी थोड्या घराण्यांतले असतात. बहुतेक रुग्णांना हा आजार तशा दोषाविनाच, वयाबरोबर येतो. प्लाक असलेल्या बहुतेक उंदरांत टाऊचे गुंते होत नाहीत, आणि माणसाइतक्या पेशीही मरत नाहीत. शिवाय माणसाला सोबत रक्तदाब असतो, मधुमेह असतो, साठ-सत्तर वर्षांचे कष्ट असतात.

मग उंदरांचा उपयोग काहीच नाही का? आहे. २०२३ साली लेकानेमॅब आणि २०२४ साली डोनानेमॅब या औषधांना अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ही शिरेतून द्यायची औषधे प्लाक काढतात. त्यांचा पाया उंदरांवरच्या कामातूनच घातला गेला. पण तीही आजार बरा करत नाहीत. सुरुवातीच्या रुग्णांत लेकानेमॅबने दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे वारंवार एमआरआय करावा लागतो. माझ्या आईच्या टप्प्यावर ती औषधे देत नाहीत. ताई, तुझ्या प्रश्नाचे हे उत्तर.

उंदराचा जीव

एका उपासकांनी मला आधीच विचारून ठेवले आहे की, पंचशीलातले पहिले शील पाळणाऱ्यांनी या प्रयोगांकडे कसे पाहावे. या उंदरांचा मेंदू तपासायचा तर त्यांना मारावे लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे आणि त्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. १९५९ साली दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन नियम सांगितले. प्राण्याशिवाय भागत असेल तर प्राणी वापरू नये, वापरावाच लागला तर कमीत कमी वापरावा, आणि त्याला कमीत कमी वेदना द्याव्यात. मला विचाराल, तर माझे मन पूर्ण निवांत नाही. परंतु एवढे नक्की वाटते की, ज्या जिवाने प्राण दिले त्याच्या नावावर खोटे पत्रक छापून गरिबाच्या आईला फसवणे हे दुहेरी पाप आहे.

आपण काय करावे?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरात सातांहून जास्त. स्त्रियांत प्रमाण जास्त, खेड्यांत जास्त आणि कमी शिकलेल्यांत जास्त. कोणाच्या आया आणि आज्या या आकड्यात आहेत, हे आपण ओळखावे. ज्यांना शाळेचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यांनाच म्हातारपणी हा दंडही भरावा लागतो आहे.

तपासणीतही तोच अडसर. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात आईला शंभरातून सात वजा करायला आणि एक वाक्य लिहायला सांगितले. जिने कधी पेन्सिल धरली नाही तिने काय लिहावे? सुदैवाने तिथली तरुण डॉक्टर समजूतदार होती. तिने विचारले, "आजी, मेथीची जुडी दहाला. तीन जुड्या घेतल्या, पन्नासची नोट दिली. परत किती?" आई बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मला तेव्हा निदान कळले. न शिकलेल्यांसाठी वेगळी चाचणी लागते, हे ओळखून हरियाणातल्या बल्लभगड येथील अभ्यासासाठी तशी हिंदी चाचणी तयार झाली आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. आपल्या माणसाला तपासायला नेताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा की, ही शाळेत गेलेली नाही.

दुसरे, विसरण्याला "वय झालं" म्हणून सोडू नका. थायरॉइड, बी-ट्वेल्व्हची कमतरता आणि नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. तिसरे, लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली चौदा कारणे सांगितली. ती दूर झाली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील. त्यांत अपुरे शिक्षण, कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ओढणे, दारू, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण आहे. डोंबिवलीकरांना शेवटच्या कारणाची ओळख करून द्यायला नको. यातली बरीच कामे आपली संस्था करू शकते. महिन्यातून एकदा रक्तदाब-साखर तपासणी, वृद्धांसाठी कानांची तपासणी, आणि या वाचनालयात संध्याकाळी आज्यांसाठी अक्षरवर्ग. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, तो फलकावर लिहून ठेवावा.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एकच काम. औषधाची कोणतीही बातमी आली की विचारा, प्रयोग कोणावर झाला? उंदरावर की माणसावर? किती जणांवर? हा प्रश्न मी विचारला असता, तर आईची गोळी बंद केली नसती. तुमच्यातल्या कोणी मेंदूचा अभ्यास करायला जावे असेही मला वाटते. ज्यांच्या आज्यांना हा आजार जास्त होतो, त्यांच्या नातवंडांनी प्रयोगशाळेत असायला हवे.

आई आज मला ओळखत नाही. मला तिचा भाऊ समजून "दादा" म्हणते, आणि आम्ही दुरुस्त करत नाही. पण मेथीची जुडी पुढे ठेवली की ती डाव्या हाताने पाने निवडते, उजव्याने जमेल तसे धरते. निवडलेल्या पानांत एक काडी सापडत नाही. काल रात्री निघताना तिला म्हटले, "उद्या तुझ्याविषयी बोलणार आहे." ती म्हणाली, "बोल, पण खरं बोल." मी तसा प्रयत्न केला आहे.